अकोल्याचे हेडमास्तर

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत लेखकांच्या व्यवसायाला फारसे महत्त्व दिले जात नाही. कोण वकील होता, कोण मामलेदार होता, कोण शाळामास्तर होता, हे चरित्रात्मक टिपणाच्या पहिल्या दोन ओळींत उरकले जाते आणि मग 'साहित्यसेवे'चा आढावा सुरू होतो. नोकरी पोटासाठी आणि लेखन वाङ्मयासाठी, अशी सरळ वाटणी आपण गृहीत धरलेली असते. पुष्कळांच्या बाबतीत ती खरीही असेल. पण काही माणसांच्या बाबतीत ही वाटणी मुळातच चुकीची ठरते, आणि तिच्यामुळे त्यांचे लेखनही नीट कळत नाही आणि त्यांची नोकरीही. विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१–१९२३) हे या दुसऱ्या प्रकारातले गृहस्थ आहेत, असे आमचे मत आहे.

महाजनी आज दोन ठिकाणी भेटतात. शेक्सपिअरच्या मराठी अवतारांची यादी देताना 'तारा'कर्ते म्हणून त्यांचा उल्लेख येतो. आणि गोपाळ गणेश आगरकरांच्या चरित्रात, अकोल्याच्या प्रकरणात, हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून ते काही पानांपुरते येऊन जातात. पहिल्या ठिकाणी ते हेडमास्तर होते याची दखल नाही आणि दुसऱ्या ठिकाणी ते लेखक होते याची गरज भासत नाही. आम्ही वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांना आगरकर ठाऊक असतात, शेक्सपिअरची भाषांतरे परीक्षेपुरती ठाऊक असतात. पण या दोन्ही गोष्टींना जोडणारा माणूस आपल्याच गावी एका शाळेच्या खुर्चीवर बसत होता, हे ठाऊक नसते. यात त्यांचा दोष नाही. त्यांना ते कोणी सांगितलेलेच नसते. या लेखात आम्हांला म्हणायचे आहे ते एवढेच, की हेडमास्तरकी हे महाजनींचे वाङ्मयबाह्य काम नव्हते. आणि मुख्याध्यापक नावाच्या पदाला वाङ्मयाच्या विचारातून वगळल्यामुळे आपण मराठीच्या आजच्या स्थितीबद्दलही अर्धवट बोलत आलो आहोत.

प्रथम काळ ध्यानात घ्यावा लागेल. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. मधल्या अर्धशतकात तो ना धड मुंबई इलाख्याचा होता, ना नागपूरचा. भाषेने मराठी, हक्काने निजामाचा, कारभाराने इंग्रजांचा, आणि परीक्षेपुरता मुंबई विद्यापीठाकडे पाहणारा असा हा मुलूख होता. येथे महाविद्यालय नव्हते. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले ते १९२३ मध्ये. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत महाजनी वारले. म्हणजे त्यांच्या हयातीत वऱ्हाडच्या भूमीवर शिक्षणाची सर्वांत वरची पायरी हायस्कूल हीच होती. अमरावती आणि अकोला येथील सरकारी हायस्कुले ही त्या काळची आपली महाविद्यालये होती, असे म्हणावयास हरकत नाही. मॅट्रिक होऊन ज्याला पुढे जायचे, त्याने पुण्या-मुंबईची वाट धरायची. बाकीच्यांना इतिहास, इंग्रजी वाङ्मय, नवे विचार जे काही मिळायचे ते त्याच इमारतीत. अशा ठिकाणी हेडमास्तर कोण आहे, तो काय वाचतो, काय बोलतो, याला आजच्या कल्पनेपलीकडचे वजन होते.

महाजनी मूळ पुण्याचे. मुंबई विद्यापीठाचे एम. ए. होऊन ते वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात आले. एम. ए. झालेला मराठी माणूस ही त्या वेळी बोटांवर मोजण्याजोगी गोष्ट होती. पुढे खात्यात वरच्या अधिकारपदांपर्यंत त्यांची वाटचाल झाली. पण १८७० नंतरच्या दशकात ते अकोल्याच्या हायस्कूलचे तरुण हेडमास्तर होते. 'तरुण' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. हेडमास्तर म्हटल्यावर पिकलेल्या मिशा आणि छडी डोळ्यांपुढे येते. आगरकरांचा जन्म १८५६ चा आणि महाजनींचा १८५१ चा; म्हणजे या गुरुशिष्यांत अंतर होते ते अवघ्या पाच वर्षांचे. आगरकर शाळा सोडायच्या वयाला शिकायला बसले होते आणि महाजनी शिकण्याच्या वयात शाळा चालवत होते.

आगरकरांचा अकोल्यापर्यंतचा प्रवास सर्वश्रुत आहे. टेंभूचा गरिबीतला जन्म, कऱ्हाडची शाळा, कचेरीतली उमेदवारी, शिकण्यासाठी रत्नागिरीपर्यंत केलेली पायपीट आणि शेवटी नातलगांच्या आश्रयाने वऱ्हाडात येणे. १८७५ मध्ये ते अकोल्याहून मॅट्रिक झाले. त्यांच्या चरित्रांतून एक प्रसंग हमखास सांगितला जातो. तपशिलांत थोडाफार फरक आढळतो, पण गाभा असा, की विद्यार्थ्यांच्या निरुत्साहाबद्दल हेडमास्तरांनी वर्गात कानउघाडणी केली तेव्हा आगरकरांनी उठून, आपणही तुमच्यासारखेच एम. ए. होऊन दाखवू, असे उत्तर दिले. पुढे आगरकर खरोखरच एम. ए. झाले, म्हणून हा प्रसंग त्यांच्या बाणेदारपणाचा दाखला ठरला.

आमच्या मते हा प्रसंग दुसऱ्या बाजूनेही वाचला पाहिजे. असे उत्तर देता येईल अशी शाळा तेथे होती, ही त्यातली पहिली गोष्ट. सरकारी हायस्कूलच्या हेडमास्तरासमोर एका आश्रित मुलाने उभे राहून त्याच्याशीच बरोबरी सांगावी, आणि त्याबद्दल त्या मुलाला शाळा सोडावी लागू नये, हे त्या काळी सहज घडणारे नव्हते. दुसरी गोष्ट अशी, की आगरकरांना मोठेपणाचे जे माप सापडले ते 'एम. ए.' हे होते. मामलेदार नव्हे, मुनसफ नव्हे. कचेरीत उमेदवारी केलेल्या मुलाला कचेरीबाहेरचे मोठेपण प्रथम कोठे दिसले असेल, तर ते समोरच्या खुर्चीवर. आणि तिसरी गोष्ट चरित्रकारच सांगतात : आगरकर डेक्कन कॉलेजात जायला निघाले तेव्हा अकोल्याच्या शिक्षकमंडळींनी त्यांना पैशाची मदत केली. कानउघाडणी करणे हे हेडमास्तराचे काम असते. उलट उत्तर देणाऱ्या मुलाच्या पाठीशी उभे राहणे हेही असते. पहिले काम पुष्कळजण करतात.

आता लेखनाकडे वळू. शेक्सपिअर मराठीत महाजनींच्या आधी आला होता. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' १८६७ चा आहे. महाजनींनी १८७९ मध्ये 'सिंबेलाइन'वरून 'तारा', १८८१ मध्ये 'द विंटर्स टेल'वरून 'मोहविलसित' आणि त्याच दशकात पुढे 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'वरून 'वल्लभानुनय' ही नाटके लिहिली. 'तारा' इचलकरंजीकर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या बडोद्यातील प्रयोगावर, बडोद्यात अध्यापन करणाऱ्या हॅरल्ड लिटलडेल यांनी लिहिलेला लेख १८८० मध्ये लंडनच्या 'मॅकमिलन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यातल्या एका गृहस्थाचे मराठी नाटक दूर बडोद्याच्या रंगमंचावर होते आणि त्याचा वृत्तान्त लंडनमध्ये छापला जातो, ही गोष्ट नाट्येतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे. पण ती वऱ्हाडच्या वाङ्मयेतिहासाचाही भाग आहे, हे आपण वऱ्हाडातच सांगत नाही.

या तीन नाटकांची निवड पाहिली, की काही गोष्टी ध्यानात येतात. शेक्सपिअरच्या थोर म्हणून गणल्या गेलेल्या शोकांतिकांना महाजनींनी हात लावला नाही. ज्या तीन नाटकांना तेव्हा आणि आजही वाचक तुलनेने कमी, ती त्यांनी उचलली. आणि या तिन्ही नाटकांच्या मध्यभागी एकच व्यक्ती उभी आहे : अन्याय झालेली पत्नी. 'सिंबेलाइन'मध्ये इमोजेनच्या शीलावर तिचा नवरा पैज लावतो आणि एका लुच्चाच्या शब्दावर विश्वासून तिला मारायला माणूस धाडतो. 'द विंटर्स टेल'मध्ये राजा कसलाही पुरावा नसताना राणी हर्मायनीला कुलटा ठरवतो आणि सोळा वर्षे पश्चात्तापात काढतो. 'ऑल्स वेल'मधील हेलेना ही वैद्याची मुलगी. बापाकडून आलेल्या विद्येने ती राजाला बरे करते आणि तरीही ती आपल्या तोलाची नाही म्हणून नवरा तिला टाकून जातो. पुरुषाचा संशय, पुरुषाचा कुलाभिमान, आणि त्यांच्यापुढे न ढळणारी स्त्री : तिन्ही वेळा गोष्ट हीच आहे, आणि तिन्ही वेळा शेवटी खाली मान घालावी लागते ती पुरुषाला.

नाटकांची नावेही बोलकी आहेत. शेक्सपिअरने पहिल्या नाटकाला राजाचे नाव दिले होते; महाजनींनी ते काढून नायिकेचे दिले. दुसऱ्या नाटकाच्या नावात ऋतूचा उल्लेख होता; महाजनींनी त्याजागी मनाच्या विकाराचे नाव ठेवले, म्हणजे राजाच्या अपराधाचे निदानच शीर्षकात करून टाकले. तिसऱ्या नाटकाचे नाव म्हणजे एक म्हण होती. त्या जागी 'वल्लभानुनय' आले. या तिसऱ्या नावाबद्दल आमच्या मनात किंतु आहे. प्रियकराची मनधरणी, असा त्याचा अर्थ, आणि त्यात हेलेनेची विद्या व तिचे धाडस झाकले जाऊन तिची विनवणीच तेवढी पुढे येते. महाजनींच्या सहानुभूतीची मर्यादा येथे दिसते. स्त्री निर्दोष आहे हे त्यांना ठामपणे सांगायचे आहे. ती स्वतंत्र आहे हे सांगताना मात्र शीर्षक मागे सरते. तरीही १८७९ सालच्या वऱ्हाडात, स्त्रीला शिकवावे की नाही यावरच वाद चालू असताना, शाळाखात्यातल्या एका अधिकाऱ्याने लागोपाठ तीन नाटके याच विषयाला द्यावीत, हे यदृच्छेने झाले असेल असे आम्हांला वाटत नाही. विरोधाभासही तेथेच आहे. त्यांच्या हायस्कूलच्या बाकांवर मुलगे बसत होते, आणि रंगभूमीवर तारेची भूमिकाही त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुरुषच करणार होता.

हे लेखन हेडमास्तरकीपासून वेगळे काढता येत नाही, ते एवढ्यासाठी. इंग्रजी पाचवी-सहावीच्या मुलांपुढे इंग्रजी वाङ्मय उलगडून दाखवणारा शिक्षक रोज भाषांतरच करीत असतो. हा शब्द मराठीत कसा सांगावा, ही भावना आपल्या घरात कशी दिसेल, हा प्रश्न त्याला तासागणिक पडतो. महाजनींच्या नाटकांत पात्रे एतद्देशीय होतात, नावे आपली होतात, व्यवहार आपला होतो, यामागे रंगभूमीची गरज होतीच. पण वर्गाची सवयही असावी. 'कुसुमांजलि'मध्ये त्यांनी इंग्रजी कवितांची मराठी रूपे दिली, त्यामागेही हीच वृत्ती दिसते. आधुनिक मराठी कवितेचा आरंभ सांगताना आपण केशवसुतांपाशी थांबतो आणि ते योग्यच आहे. परंतु छोटी, स्वतंत्र, एका भावनेवर उभी राहणारी कविता मराठी कानांच्या ओळखीची करून देण्याचे काम ज्यांनी आधी केले, त्यांत शाळांतून इंग्रजी शिकवणारी माणसे होती, हे आपण विसरतो.

आणि मग १८८३ मध्ये आगरकरांचे 'विकारविलसित' आले. 'हॅम्लेट'चे हे भाषांतर. त्याआधीच्या वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि या भाषांतराचे काम त्या दिवसांशी जोडलेले आहे. 'विकारविलसित' या नावाची चर्चा झाली आहे. पण दोनच वर्षे आधी आलेल्या 'मोहविलसित'शी त्याचे असलेले सख्य कोणाच्या नजरेत भरल्याचे आमच्या वाचनात नाही. दोन्ही नावांची घडण एकच : मनाचा एक विकार आणि त्याचे विलसित. यावरून शिष्याने गुरूचे नाव समोर ठेवून आपल्या नाटकाचे नाव ठेवले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, आणि आम्हीही तसा दावा करीत नाही. पण अकोल्याच्या एका वर्गातून निघालेल्या दोन माणसांनी शेक्सपिअरकडे पाहताना तो 'विकारांचा' नाटककार आहे असेच मानले, एवढे तरी या नावांवरून म्हणता येते.

फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. महाजनींनी निवडली ती शेवटी समेट होणारी नाटके. राजाला उपरती होते, राणी परत मिळते, घर सांधले जाते. आगरकरांनी निवडले ते नाटक, ज्यात घर सांधले जात नाही. एकाने सरकारी शिक्षणखात्यात राहून आयुष्यभर काम केले. दुसऱ्याने सरकारी नोकरीची वाट सोडून १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलच्या मंडळींत जाणे पत्करले, आणि शेवटी १८९२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९५ पर्यंत, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले. गुरू समेटावर विश्वास ठेवणारा आणि शिष्य समेट नाकारणारा. येथे काही वाचक विचारतील, की मग महाजनींचे श्रेय ते काय? आमचे उत्तर असे, की शाळेचे श्रेय तिच्या विद्यार्थ्याने गुरूचे मत उचलले यात नसतेच. गुरूच्या मताच्या पलीकडे जाण्याइतकी भाषा, वाचन आणि धिटाई त्याला शाळेत मिळाली की नाही, यात असते. आगरकर शिकत असतानाच अकोल्याच्या 'वऱ्हाड समाचारा'त लिहू लागले होते. त्यांची लेखणी पुण्यात नव्हे, वऱ्हाडात प्रथम चालली.

अकोल्याची ही जमीन एका विद्यार्थ्यावर थांबली नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे शालेय शिक्षण बुलढाणा आणि अकोला येथे झाले, आणि मराठी विनोदाला त्यांनी दिलेले वळण सर्वांना माहीत आहे. १९०७ मध्ये पुण्याच्या ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष महाजनी होते. १९१२ मध्ये संमेलन अकोल्यालाच भरले आणि हरि नारायण आपटे अध्यक्ष झाले. १९२७ मध्ये पुन्हा पुण्याला कोल्हटकर अध्यक्ष झाले. संमेलनाध्यक्षपद ही वाङ्मयीन गुणवत्तेची खूण आहे असे मानण्याचे कारण नाही. पण ज्या गावात महाविद्यालय नव्हते, त्या गावाचे नाव वीस वर्षांत या ना त्या प्रकारे तीनदा या संमेलनाशी जोडले जाते, तेव्हा त्या गावातल्या एकमेव मोठ्या विद्यास्थानाकडे पाहणे भाग पडते.

येथवर आम्ही एका बाजूने लिहिले. दुसरी बाजू लिहिल्याशिवाय हे लेखन गौरवग्रंथातले होईल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले आणि सरकार वरच्या शिक्षणावर खर्च करते व ज्यांच्या कष्टातून तो पैसा येतो त्या शेतकऱ्यांच्या मुलांना साधी प्राथमिक शाळा मिळत नाही, हे स्पष्टपणे मांडले. अकोल्याचे हायस्कूल या आरोपातून सुटत नाही. आगरकर गरीब होते हे खरे. पण त्यांच्या घराण्यात अक्षर आधीपासून होते आणि आश्रय देऊ शकणारे नातलग गावोगावी होते. कापूस पिकवणाऱ्या कुणबी-माळ्यांच्या, महार-मांगांच्या घरांतून या हायस्कूलपर्यंत येणारी वाट जवळजवळ नव्हतीच. 'आपणही एम. ए. होऊ' असे उठून म्हणण्याची संधी कोणाला मिळते, हा प्रश्न त्या प्रसंगाच्या पोटात आहे, आणि कोणताही चरित्रकार तो विचारत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडात पुढच्या पिढ्यांनी दिले. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ मध्ये शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव देशमुख शिकून परदेशी गेले, परत आले, १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले, आणि त्याच दशकाच्या आरंभी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची उभारणी झाली. या संस्थेने आणि तिच्यासारख्या इतर लहानमोठ्या संस्थांनी तालुक्यांच्या आणि बाजारपेठेच्या गावांत हायस्कुले काढली. पंजाबरावांचे नाव रस्त्यांना, विद्यापीठाला, पुतळ्यांना आहे. पण ती हायस्कुले प्रत्यक्ष चालवली कोणी? दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अंजनगाव, वरुड, बाळापूर अशा गावांत पत्र्याच्या खोलीत वर्ग भरवून, वसतिगृहाच्या धान्यासाठी फिरून, पहिली मॅट्रिकची तुकडी परीक्षेला बसवणारे मुख्याध्यापक होते. त्यांतले बहुतेक कोणत्याही कोशात नाहीत. महाजनींना निदान दोन ओळी मिळाल्या, कारण त्यांनी नाटके लिहिली. ज्यांनी पुस्तक लिहिले नाही, पण पुस्तक वाचणारी पहिली पिढी तयार केली, त्यांची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाच्या कोणत्या प्रकरणात करायची, याची सोयच आपण केलेली नाही. वऱ्हाडी बोली मराठी कथा-कादंबरीत मानाने आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ती लिहिणारे आणि ती वाचणारे या हायस्कुलांच्या पायऱ्या चढून आले होते.

आजचे काय? आजच्या मुख्याध्यापकाला महाजनींसारखे लिहीत का नाही असे विचारणे क्रूरपणाचे होईल. त्याचा दिवस यू-डायसची माहिती, सरल, शालार्थ वेतनप्रणाली, संचमान्यता, पोषण आहाराच्या नोंदी आणि संस्थाचालकांचे निरोप यांत जातो. पटसंख्या घसरली तर त्याचे पदच संचमान्यतेत राहील की नाही हा प्रश्न असतो. पद रिक्त असले तर सेवाज्येष्ठ शिक्षक 'प्रभारी' म्हणून काम पाहतो, आणि प्रभारी माणसाकडून कोणी नवे काही अपेक्षीत नाही. ग्रंथपालाचे पद नसेल तर वाचनालयाची किल्ली कपाटात राहते. या परिस्थितीबद्दल शासनाला बोल लावणे योग्यच आहे आणि मुख्याध्यापक संघ ते वेळोवेळी करतातही. पण हा लेख साहित्याच्या शिक्षकांसाठी आहे, म्हणून आम्ही आमच्याच व्यवसायाबद्दल बोलतो.

आम्ही महाविद्यालयातली माणसे शाळेला आपल्या क्षेत्राबाहेरची मानतो. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना वाचता येत नाही अशी कुरकुर आमच्या स्टाफरूममधून रोज ऐकू येते. पण ती मुले ज्या हायस्कुलातून आली तेथील मराठीच्या शिक्षकाचे नाव आम्हांला माहीत नसते. परिसंवाद होतात ते समीक्षेच्या सिद्धान्तांवर. प्रबंध होतात ते एखाद्या कादंबरीकारातील स्त्रीचित्रणावर. शाळा ही वाङ्मयव्यवहारातली संस्था आहे, जशी प्रकाशनसंस्था किंवा नियतकालिक असते तशी, हे आम्ही मानतच नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रात शाळांतून मराठी सक्तीचे करणारा कायदा झाला. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातच, रिद्धपूर येथे, मराठी भाषा विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले. 'लीळाचरित्रा'शी जोडलेल्या भूमीवर हे विद्यापीठ यावे याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण कळस बसवताना पायाचा विचार कोणी करायचा? सक्तीने तास मिळतो, वाचक मिळत नाही. वाचक कोणीतरी घडवावा लागतो, आणि तो घडतो बाराव्या ते सोळाव्या वर्षांच्या दरम्यान, म्हणजे हायस्कुलात.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली संशोधनाची. वऱ्हाडातल्या जुन्या हायस्कुलांत लॉगबुके, शेरेबुके, वार्षिकांक, मुलांची हस्तलिखिते, वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या अजून धूळ खात पडल्या आहेत. इमारतीची दुरुस्ती निघाली, की त्या रद्दीत जातात. कोणत्या सालात कोणते पुस्तक किती मुलांनी नेले, निरीक्षकाने मराठीच्या तासाबद्दल काय शेरा मारला, स्नेहसंमेलनात कोणते नाटक बसवले, हे कळले तर वाचनाचा इतिहास लिहिता येईल. एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या एका हायस्कूलचे दप्तर पाहिले, तरी दहा वर्षांत अमरावती-अकोल्याचा मोठा नकाशा तयार होईल. महाजनींची नाटकेही आज सहज हाती लागत नाहीत. त्यांची प्रस्तावनेसह संपादित आवृत्ती काढणे हे विद्यापीठांच्या मराठी विभागांचे काम आहे.

दुसरी सूचना साधी आहे. महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या परिसरातल्या चार शाळांशी कायमचे नाते जोडावे. व्याख्यानाला प्रमुख पाहुणे म्हणून जाण्याचे नाते आम्हांला अभिप्रेत नाही; ते आजही आहे, शालश्रीफळासह. नववीच्या मुलांबरोबर एक पुस्तक वर्षभर वाचावे, त्यांच्या शिक्षकांबरोबर बसावे, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात. त्याचे गुण कोणत्याही मूल्यांकनात मिळणार नाहीत, हेही आधीच सांगून ठेवतो.

महाजनींना 'आगरकरांचे गुरू' म्हणून ओळखले जाते आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त त्या शब्दांतला 'गुरू' हा चमत्कार करणारा पुरुष नव्हता, हे ध्यानात ठेवावे. बावीस-चोवीस वर्षांचा एक एम. ए. एका आडवळणाच्या गावी हजेरीपट सांभाळत होता, रागे भरत होता, इंग्रजी शिकवत होता आणि पुढे त्याच भाषेतली नाटके मराठीत आणण्याची तयारी त्याच्या मनात चालू असावी. अशी माणसे आजही शाळांतून असणारच. त्यांच्याकडे जाण्याची वाट आमच्या महाविद्यालयापासून फार लांब नाही. बहुतेक गावांत ती एकाच आवारातून जाते.